ऑफेन्स, दाजी आणि किल्ल्यावरची गवळण

आमच्या बेळगावच्या शहापुरात अमेरिकन फुटबॉल बघणारी माणसं माझ्या माहितीत मोजून तीन. मी, आमचे दाजी, आणि उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप असणारा माझा एक मित्र, जो एकेकाळी कबड्डीत बरा रेडर होता आणि अजून सगळं जग कबड्डीच्याच हिशोबानं बघतो. कारण एवढंच की भाचा, म्हणजे दाजींचा थोरला, मिशिगन युनिव्हर्सिटीत एमएस करायला ॲन आर्बरला गेला आणि पहिल्याच महिन्यात त्यानं स्टेडियममधनं फोटो टाकला. सीट किती, तर 1,07,601. कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला! दाजींनी दोन बोटांनी फोटो मोठा करकरून बघितला आणि विचारलं, "ह्यात आपला कुठं बसलाय?"

बघायची पद्धत पण आमची वेगळीच. भाचा त्याचा फोन तिथल्या टीव्हीसमोर उभा करतो, आणि तो व्हिडिओ कॉल आम्ही इकडं आमच्या टीव्हीवर घेतो. मधनंच त्याचा रूममेट टॉवेल गुंडाळून आडवा जातो, आणि नेमका तेव्हाच टचडाऊन, म्हणजे ह्यातला गोल, होतो.

खरी सुरुवात झाली ती 2023 च्या दिवाळीत. 11 नोव्हेंबर, शनिवार. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलेलं, पहाटे अंघोळीला उठायचं म्हणून बायको उटण्याची वाटी काढून कधीच झोपलेली, आणि आम्ही तिघं रात्री साडेदहाला मिशिगन विरुद्ध पेन स्टेट लावून बसलो. दाजींना नियम काही झेपेनात. मग मी अंगणात जाऊन पोरीच्या किल्ल्यावरचे मावळे उचलून आणले, मोहरीच्या कोंबांसकट, आणि फरशीवर मांडले. पाच मावळे एका ओळीत, ही लाईन. मधला बॉल मागं देतो, बाकीच्यांनी समोरच्याला नुसतं अडवायचं. दोन मावळे लांब कडेला, ते रिसीव्हर. क्वार्टरबॅक म्हणून महाराजांची मूर्ती ठेवायला गेलो तर पोरगी झोपेतनं उठून दारात उभी, "बाबा, महाराजांना फरशीवर ठेवायचं नाही!" बरोबरच होतं तिचं. मग घागरवाली गवळण क्वार्टरबॅक झाली, तिच्या मागं पळणाऱ्याच्या जागी तोफ, आणि बॉल म्हणून चिवड्यातला एक शेंगदाणा. आता चार डाऊन, म्हणजे चार चान्स, दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलं तर परत चार, नाही तर बॉल समोरच्याला. पुढं जायचं कसं, तर गवळणीनं शेंगदाणा तोफेला द्यायचा आणि तोफेनं मुसंडी मारायची, नाहीतर गवळणीनं लांबच्या मावळ्याकडं फेकायचा. रन आणि पास. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

दाजी म्हणाले, "म्हणजे फेकणं सोपं की."

आणि त्या रात्री मिशिगन फेकेचना. आधीच आदल्या दिवशी त्यांच्या मुख्य कोचवर, जिम हार्बॉवर, समोरच्या टीमचे इशारे चोरल्याच्या प्रकरणावरनं बंदी आलेली, त्यामुळं ऑफेन्स, म्हणजे चढाईची बाजू, बघणारा शेरॉन मूर त्या दिवशी मुख्य कोच म्हणून उभा. हातात जे जे मॅकार्थीसारखा क्वार्टरबॅक. त्यानं आठ पास टाकले, सात पोचले, साठ यार्ड, आणि मग दुकान बंद. अधिकृत हिशोबात शेवटचे सलग 32 प्ले रन! बत्तीस! तोफ, तोफ, तोफ. मित्र ओरडायला लागला, "अरे काय करायलेत हे, रेडर सारखा एकाच कोपऱ्यात चाललाय की!" मी पण वैतागलो. भाच्याच्या मित्रांच्यात तर तर्कांची नुसती आतषबाजी. कुणी म्हणे पासचे डाव कट्टर वैरी ओहायो स्टेटच्या मॅचसाठी लपवून ठेवलेत, कुणी म्हणे क्वार्टरबॅकला दुखापत झालीय आणि हे सांगत नाहीत, कुणी म्हणे इशाऱ्यांच्या भानगडीमुळं घाबरलेत.

दाजी एकटेच शांत. ते तरुणपणी कुस्त्या करायचे, आनंदवाडीच्या आखाड्यात पण उतरलेत. चकली मोडत म्हणाले, "ज्याला ढाक बसायलीय तो ढाकच लावणार. दुसरा डाव दाखवून टाळ्या कशाला घ्यायच्या?"

आणि होतं पण तसंच. पेन स्टेटचे कडेनं आत घुसणारे गडी भयंकर होते. पास टाकायचा तर क्वार्टरबॅकला मागं दोन-तीन सेकंद उभं राहायला लागतं, तेवढ्यात ते येऊन त्याला आडवं करतात. रनमध्ये ती उसंत त्यांना मिळतच नाही, उलट प्रत्येक वेळी तीनशे पौंडाचा माणूस छातीवर येऊन आदळतो, आणि शेवटी शेवटी त्यांचेच पाय जड होतात. मॅच 24-15 मिशिगनची. ब्लेक कोरम एकटा 145 यार्ड पळाला. मूर टीव्हीवर ढसाढसा रडला. आणि ज्यांनी दोन तासांपूर्वी त्याला मूर्ख ठरवलेलं त्यांनी लगेच त्याला धोरणी म्हणायला सुरुवात केली, त्यात मी पण आलो. त्या सीझनला मिशिगन नॅशनल चॅम्पियन पण झालं.

जरा विषयांतर. मी मिशिगनचा पक्का झालो तो भाच्यामुळं, पण आणखी एका कारणानं. मिशिगन आणि ओहायोचं वैर नुसतं फुटबॉलचं नाही, 1835 मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरनं दोघांचं सीमेचं भांडण लागलेलं, दोघांनी आपापली फौज पण उभी केलेली. शेवटी टोलेडो गेलं ओहायोला, आणि मिशिगनला त्या बदल्यात वरचा जंगलाचा मोठा तुकडा मिळाला, आणि 1837 ला ते राज्य झालं. हे वाचलं आणि मला एकदम घरचंच वाटलं. आमचं बेळगावच्या सीमेचं 1956 पासनं चाललंय, त्यांचं दोन वर्षांत आटपलं, एवढाच फरक. दाजी म्हणाले, "आणि त्यांनी राग मॅचमध्ये काढला, ते शाणे."

तर दुसऱ्या वर्षी, 30 नोव्हेंबर 2024, परत तीच वेळ, परत आम्ही तिघं, फक्त दिवाळी होऊन महिना झालेला आणि गवळण टीव्हीच्या शेजारी फळीवरच राहिलेली. मॅच कोलंबसला, ओहायो स्टेटच्या घरात. मिशिगनची अवस्था दयनीय, क्वार्टरबॅक बदलून बदलून सीझन काढलेला. अंदाजवाले ओहायो स्टेटला वीसएक पॉइंटनं जिंकवून बसलेले. त्यांच्याकडं जेरेमाया स्मिथ, एमेका एग्बुका असले रिसीव्हर, म्हणजे नुसता बॉल वर टाकला तरी काहीतरी होईल असे. आणि मिशिगनच्या बचावाच्या लाईनच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोन डोंगर.

ओहायो स्टेटनं काय करावं? त्या डोंगरावरच डोकं आपटत बसले! रन मध्ये, रन मध्ये, परत रन मध्ये. त्यांच्या स्वतःच्या लाईनमधले दोन चांगले गडी दुखापतीनं आधीच बाहेर, त्यातला एक तर बॉल मागं देणारा सेंटर, तरी मध्येच. 26 वेळा पळून मिळाले किती, तर 77 यार्ड. दुसऱ्या हाफमध्ये एक पॉइंट नाही. मित्र म्हणाला, "डू ऑर डाय रेडला पण हा बोनसच मागतोय." आम्ही मिशिगनवाले असून पण मला टीव्हीत हात घालून त्यांना सांगावंसं वाटत होतं, अहो पास टाका की ओ! 45 सेकंद राहिलेले असताना मिशिगननं फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेनं बॉल खांबांमधनं घालवून तीन पॉइंट, आणि 13-10. भाचा एवढा उडाला की त्याचा फोन पडला आणि पुढची दहा मिनिटं आम्ही त्याच्या खोलीचं छत बघत बसलो.

मग तिकडं तर्क सुरू झाले. तीन वर्षं मिशिगनकडनं हरल्यावर "हे नाजूक" असा शिक्का बसलेला, तो पुसायला कोच रायन डे अंगावर घेऊन जिंकायला गेला, हा त्यातला सगळ्यात जोरात चाललेला तर्क. मला पटतो पण, सिद्ध कोण करणार. पण मी त्या रात्री दाजींना धरलंच. "दाजी, तुम्हीच म्हणालेला, ढाक बसायलीय तर ढाकच लावायची. आता ह्यानं पण एकच डाव लावला, मग हा कसा मूर्ख?"

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावणं, बसायलीय तर म्हणालो मी. ह्याची बसतच नव्हती की."

हे एवढं सोपं वाटतं, पण बघताना कळत नाही हो! पेन स्टेटच्या मॅचला पहिल्या दहा रनच्या वेळी मला बसतेय का नाही कळलंच नव्हतं, दोन यार्ड, तीन यार्ड, चार यार्ड, बघणाऱ्याला सगळे सारखेच. फरक कुठं असतो, तर तीन यार्ड मिळताना लाईनचे मावळे पुढं सरकलेत का जाग्यावरच उभे आहेत त्यात. आणि आम्ही सगळे बघतो बॉलकडं, म्हणजे शेंगदाण्याकडं. तेव्हापासनं मी लाईनकडं बघायला शिकायलोय, अजून निम्म्या वेळा चुकतो.

आणि गंमत बघा, त्याच ओहायो स्टेटनं महिन्याभरात प्लेऑफमध्ये बॉल वरनं फेकायला सुरुवात केली आणि सगळ्यांना तुडवत गेले. 21 जानेवारीला आपल्याकडं सकाळी सहाला फायनल, समोर नोत्र दाम. शेवटाकडं थर्ड डाऊन, अकरा यार्ड पाहिजेत, नोत्र दाम अंगावर आलेलं, सगळ्या जगाला वाटलं आता रन मारून घड्याळ पळवतील. टाकला लांब स्मिथला, 56 यार्ड! 34-23 नं चॅम्पियन. मिशिगनकडनं हरलेली टीम चॅम्पियन. दाजी चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, "हेच नोव्हेंबरात केलं असतं तर तुझा भाचा रडत बसला असता."

मग 2025 च्या सीझनआधी परत तर्क चालू झाले. मिशिगननं ऑफेन्सचा कोच बदलला, नॉर्थ कॅरोलायनामधनं चिप लिंडसी आणला, आणि ब्राईस अंडरवूड नावाचा पोरगा, देशातला पहिल्या नंबरचा हायस्कूल क्वार्टरबॅक, घेतला. भाचा म्हणाला, "मामा, आता बघ, आम्ही पण लांब टाकणार." मित्र म्हणाला पहिल्या तीन मॅच नुसत्या रन. दाजींचं मत वेगळंच, नव्या पोराला आधी दोन-चार सोपे छोटे पास देऊन अंगात वारं भरू देतील, मग सोडतील. एक किलो कुंद्याची पैज लागली, भाच्याला कुरिअरनं पाठवायचा असल्यामुळं हरणाऱ्याला कुंद्यापेक्षा कुरिअर महाग पडणार होतं. मी कुठल्या बाजूला ते तेव्हा ठरवलेलं नव्हतं, मित्राला सांगू नका, पण बहुतेक दाजींच्या.