कॅप्सूल थांबली तिथे

मालवणहून आलेल्या त्या तांडेलांचे हिमोग्लोबिन ६.५ वर उतरले होते, शौचाला डांबरासारखे काळे होत होते, आणि तोंडावाटे व गुदद्वारावाटे केलेल्या दुर्बीण तपासण्यांत काहीच सापडले नव्हते. रक्त लहान आतड्यातच जात असावे, म्हणून सिंधुदुर्गातल्या आमच्या रुग्णालयात मी त्यांना कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली. ११ मिलिमीटर जाड आणि २६ मिलिमीटर लांब अशा या कॅप्सूलमध्ये कॅमेरा, दिवे, चित्रे बाहेर पाठवणारा प्रक्षेपक आणि बटण सेल असतात. ती सेकंदाला साधारण दोन छायाचित्रे कमरेच्या रेकॉर्डरकडे पाठवते. तिला स्वतःची गती नसते. आतडे ढकलेल तशी ती सरकते.

तांडेलांना जुना मधुमेह होता आणि अशा रुग्णांचे जठर अनेकदा मंदावलेले असते, त्यामुळे कॅप्सूल जठरातच कित्येक तास रेंगाळली. संध्याकाळी छायाचित्रे पाहताना लहान आतड्याच्या मध्यापर्यंत सारे स्वच्छ होते; मग भिंतीवर ताज्या रक्ताचा ओघळ आला, तो दाट होत गेला, आणि उगम दिसण्याआधीच सेल संपून चित्रण थांबले.

दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये कॅप्सूल पोटाच्या उजव्या बाजूला खाली दिसली. "डॉक्टरांनू, ता आतच ऱ्हवला तर?" तांडेलांनी विचारले. बहुतेक वेळा ती आपोआप पडते, मात्र तोवर एमआरआय करायचा नाही, असे मी सांगितले. त्यांच्या मुलाचा प्रश्न वेगळा होता: तिला बाहेरून वीज देता येत नाही का?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. शरीरातील ऊती चांगल्या विद्युतवाहक आहेत असे धरून उच्च वारंवारतेच्या लहरी आत पोहोचणार नाहीत, असे पूर्वी मानले जाई. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अ‍ॅडा पून यांनी ऊतींना विद्युतरोधक माध्यम मानून गणित मांडले, तेव्हा सुमारे १ गिगाहर्ट्झ, म्हणजे आधीच्या समजुतीच्या जवळपास शंभरपट, वारंवारता सोयीची ठरली आणि अँटेना तितकाच लहान करता आला. २०१२ मध्ये त्यांनी मांडलेली ३ बाय ४ मिलिमीटरची चिप सेलशिवाय, बाहेरच्या लहरींवर, द्रवातून सेकंदाला सुमारे अर्धा सेंटिमीटर स्वतः पुढे जात होती. २०१८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी डुकरांच्या शरीरात १० सेंटिमीटर खोल असलेल्या उपकरणांना एक मीटरवरून ऊर्जा पुरवली. अर्थात माणसाच्या आतड्यात सतत चित्रण करण्याइतकी वीज देणे ही पुढची, कठीण पायरी आहे. तरीही मला सर्वांत हवेसे वाटते ते हे की, असे उपकरण रक्त दिसताच थांबवता येईल, मागे वळवता येईल.

कॅप्सूल नंतर सुखरूप पडली. चित्रांवरून जागेचा अंदाज बांधून मी तांडेलांना मुंबईला पाठवले, आणि तिथे बलून एन्टेरोस्कोपीत, म्हणजे फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोलवर नेलेल्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीत, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातली फुगलेली रक्तवाहिनी सापडून ती जाळून बंद करण्यात आली.