अक्षरं नसलेलं पोस्टर

मी इंग्लंडमध्ये पेपर कॉन्झर्व्हेशन करते, म्हणजे कागदा-पुठ्ठ्यावरची जुनी चित्रं सांभाळायचं काम. एकदा एक आजोबा भलामोठा बोर्ड घेऊन आले, त्यावर वाळू, पट्ट्यांची छत्री, बाजूला बसलेली बाई आणि वर नुसतं पिवळट आकाश. म्हणे चित्र अर्धवट राहिलंय बहुतेक, आकाश पूर्ण करून मिळेल का?

अर्धवट कुठलं, ती जागा गावाच्या नावासाठी सोडलेली! हे रेल्वेच्या पोस्टरचं ओरिजिनल होतं. १९२३ नंतर इथे चार मोठ्या रेल्वे कंपन्या होत्या आणि उन्हाळ्यात लोकांना समुद्रावर न्यायला त्यांची नुसती चढाओढ. त्याआधीचं, १९०८ चं, चित्रकार जॉन हॅसलचं स्केग्नेस या समुद्रकाठच्या गावाचं पोस्टर बघा, उड्या मारणारा जाडजूड मासेमार, अजून त्या गावाची ओळख आहे आणि हॅसलला मिळाले फक्त १२ गिनी (जुनं ब्रिटिश चलन). आर्टिस्ट गुवाशमध्ये रंगवायचा (आपले शाळेतले पोस्टर कलर, त्याच्याच घरातलं), मग प्रेसमधला लिथो (सपाट दगडावरून किंवा प्लेटवरून होणारी छपाई) कारागीर ते बघून एकेका रंगाची वेगळी प्लेट हाताने काढायचा. पोस्टर छापून झालं की ओरिजिनलचं काम संपलं, त्यामुळे बरीच टिकलीच नाहीत. आजोबांचे वडील लिथो प्रेसमध्ये होते, तिथूनच हे घरी आलं असणार.

गुवाशला पाणी लागलं की रंग सुटतो, म्हणून कोरड्या रबर स्पंजने इंच इंच धूळ काढत होते. मग नेहमीप्रमाणे दिवा बाजूने आडवा धरला (म्हणजे उंचवट्यांची सावली दिसते) तर बाईच्या शेजारी वाळूत रंगाचा जाड उंचवटा, आणि कडा नीट बघितल्या तर चक्क माणसाचा आकार, टोपीसकट! आधी रंगवून नंतर त्याच्यावर वाळू फासलेली. का ते कोण सांगणार, पण मला विचाराल तर बरंच केलं, एकटी बाई असली की बघणाऱ्याला शेजारची जागा आपलीच वाटते, आणि रेल्वेला तिकिटंच तर विकायची होती ना.

आजोबांना दाखवलं तर ते खूश, पण हट्ट तोच, नाव पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला कळणार कसं. ओरिजिनलवर मी ब्रश लावणार नाही हे स्पष्ट सांगितलं. शेवटी गावाचं नाव पारदर्शक शीटवर छापून घेतलं आणि फ्रेममध्ये रंगाला चिकटणार नाही असं अंतर ठेवून बसवलं. पाहिजे तेव्हा काढता येतं. आता म्हणतायत, त्या टोपीवाल्याचीपण एक शीट करून द्या.