गच्चीवर बाग केली की गळतं का?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी गच्चीवरच्या बागेचा नकाशा उलगडायच्या आतच कुणीतरी विचारतं, "बाग छानच दिसेल हो, पण खालच्या घरात गळणार नाही ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मुंबईतलं मलबार हिलचं हँगिंग गार्डन शंभराहून जास्त वर्षं पाण्याच्या टाकीच्या छतावरच आहे. म्हणजे छतावर बाग होऊ शकते. मातीत मुरलेलं पाणी स्लॅबपर्यंत येणारच, पुढे त्याला वाट हवी.

पुण्यातल्या माझ्या सुरुवातीच्या एका कामात दुसऱ्याच पावसाळ्यात खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराला ओल आली. वाफा खणला. पाणी बाहेर जायच्या आउटलेटच्या जाळीवर लोण्यासारखा मऊ गाळ बसला होता आणि त्यात पिंपळाची मुळं वेणीसारखी गुंफलेली. रोप वर जेमतेम वीतभर! वाफ्यात सगळी लाल माती भरली होती, खाली गाळणारं कापड नव्हतं. चूक माझी होती. काकूंच्या ओट्याशी उभं राहून वर पाहिलेला तो पोपडा अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून एक गोष्ट सोडत नाही. वॉटरप्रूफिंग झालं, ढाळ दिला, स्लॅब आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा मारला, की आउटलेट बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि रोज खालच्या घरात जाऊन छताला हात लावून बघायचं. बिल्डरला हे तीन दिवस जड जातात. मी ऐकत नाही. मग मुळं अडवणारा थर, ड्रेन सेल म्हणजे पाणी वाहायला पोकळी ठेवणारे प्लास्टिकचे ट्रे, त्यावर जिओटेक्स्टाइल म्हणजे तेच गाळणारं कापड, आणि शेवटी माती.

वजनाचंही तसंच. फूटभर भिजलेली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर, आणि साध्या गच्चीवर माणसांच्या वावरासाठी भार धरतात तो दीडशेच्या आसपास. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लेखी दिल्याशिवाय जुन्या इमारतीत मी एक गोणीही वर चढवत नाही. मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा, जास्त घालतो, चाफ्यासारखं झाड कॉलमच्या डोक्यावर लावतो. बाकी गवती चहा, लिली, कढीपत्ता. वड, पिंपळ, उंबर पक्षी आणून टाकतात, ते दर महिन्याला उपटायला माळीदादांना सांगून ठेवलेलं असतं.

आणि प्रत्येक आउटलेटवर उघडता येणारं झाकण ठेवतो. पहिला मोठा पाऊस झाला की जुन्या बागांवर जाऊन ती झाकणं उचलून बघतो. पाणी नितळ वाहत असेल तर वरची फुलं बघायला थांबतो.