तुम्ही विचारलंत म्हणून: चावीचं एचएमटी आणि स्मार्टवॉच, दोन्ही कसं जमवायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा प्रश्न बऱ्याच घरांतून येतो. कपाटात आजोबांचं किंवा वडिलांचं एचएमटी असतं, हातात स्मार्टवॉच असतं आणि एक घातलं की दुसऱ्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. एचएमटीची घड्याळं १९६१ पासून बेंगळुरूत बनली, पुढे तुमकुरातही. कर्नाटकात ती घरोघरी सापडतात, यात नवल नाही.

कुठलं कधी घालायचं हे हौसेवर सोडू नका. कुठलं घड्याळ कशाने बिघडतं ते बघा. चावीच्या घड्याळाचे शत्रू तीन: पाणी, लोहचुंबक आणि वाळलेलं तेल.

पाण्याचं आधी. आपल्याकडचा पावसाळा, त्यातही खानापूरकडचा, जुन्या घड्याळाला झेपत नाही. दमट हवा बहुतेक वेळा चावीच्या फटीतून आत शिरते, म्हणून गंज पहिल्यांदा चावीच्या दांडीला आणि तिच्या शेजारच्या स्प्रिंगांना धरतो. काचेआतून धुकं दिसलं की घड्याळ त्याच दिवशी उघडायला द्या. तांदळात पुरणं हा नुसता वेळकाढूपणा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर जाताना सरळ स्मार्टवॉच घाला. जुनं घड्याळ सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह हवाबंद डब्यात राहू द्या.

आता लोहचुंबक. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तर पहिला संशय यावरच घ्या. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक, घाईने झुलायला लागतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात ग्राइंडिंग मशीनच्या मॅग्नेटिक चकवर (चुंबकाने लोखंड धरून ठेवणाऱ्या पाटावर) किंवा फाउंड्रीत इंडक्शन भट्टीजवळ काम असेल, तर तिथे हे घड्याळ नकोच. पण घरातला चोर वेगळा असतो: स्मार्टवॉचचा चार्जर. बहुतेक चार्जरांत लोहचुंबक असतं आणि रात्री दोन्ही घड्याळं एकाच ताटलीत पडतात. मध्ये वीतभर अंतर ठेवलं तरी पुरे. तपासायला साधं होकायंत्र घड्याळाजवळ धरा. सुई चांगलीच हलली, तर डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र, लागेल. घड्याळ त्यावर ठेवा, बटण दाबा आणि दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश हातभर दूर न्या, मगच बटण सोडा. जवळ असताना सोडलंत, तर चुंबकत्व पुन्हा आत बसू शकतं. आणि स्मार्टवॉच चुकूनही त्यावर ठेवू नका.

स्मार्टवॉचचा खरा उपयोग मात्र इथेच आहे. त्याची वेळ फोनमार्फत नेटवर्कशी जुळते, म्हणून जुन्या घड्याळाची परीक्षा घ्यायला ते उत्तम. रोज सकाळी त्याच वेळेला चावी द्या. घड्याळ हातातून काढूनच द्या, नाहीतर दांडीवर आडवा ताण येतो. घट्ट लागलं की थांबा. मग दोन्हींतला सेकंदांचा फरक लिहून ठेवा. दिवसाला १० सेकंदांची चूक म्हणजे ८,६४० सेकंदांत एक सेकंद, त्यामुळे सर्व्हिसिंग केलेलं घड्याळ २०-३० सेकंद मागेपुढे झालं तर कुरकुर करू नये. आठवडाभराच्या नोंदी हातात घेऊन घड्याळवाल्याकडे गेलात, तर घड्याळाचा वेग कमीजास्त करणारी आतली '+' आणि '−' मधली दांडी किती सरकवायची ते त्याला नेमकं कळतं. घरी पिन घेऊन ती सरकवू नका. हेअरस्प्रिंगला टोक लागलं की कारभार आटोपला.

थोडाच फरक असेल तर ही '+' '−' ची दांडीही हलवायला नको. रात्री एकदा डायल वर, एकदा चावी खाली, असं आळीपाळीने ठेवून बघा. उभं ठेवल्यावर बरीच घड्याळं किंचित मंद होतात. दिवसा पुढे गेलेले सेकंद तिथे परत मिळतात.

फरक रोज बदलत असेल किंवा चावी देऊनही २४ तास भरत नसतील, तर तेल वाळलंय. चार-पाच वर्षांनी पूर्ण खोलून धुणं आणि नवं तेल घालणं लागतंच. "पेट्रोलमध्ये बुडवून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. अशाने जुनी घाण पुरती निघत नाही, आणि वरून सोडलेलं तेल नको तिथे पसरतं.

व्यायाम, झोप, नाडीचे ठोके, शेतातलं काम, हातोडा, बुलेटवरचा लांब प्रवास हे सगळं स्मार्टवॉचकडे. डायलवर 'पॅराशॉक' लिहिलेलं असलं तरी ते पडझडीचा धक्का झेलायला आहे, तासन्‌तासच्या थरथरीला नव्हे. दोन्ही एकदम घालायची हौस असेल, तर जुनं डाव्या मनगटावर आणि स्मार्टवॉच उजव्या. मात्र ॲपमध्ये 'उजवा हात' निवडा, नाहीतर पावलांचा हिशेब चुकू शकतो.

आणि ठेवून द्यायची वेळ आलीच, तर चावीचं घड्याळ खुशाल बंद पडू द्या, त्याचं काही बिघडत नाही. स्मार्टवॉच मात्र अर्धं चार्ज करून, बंद करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. बॅटरी पार उतरली तर ती परत चार्ज घेईलच असं नाही.