तिथीचे पाऊणपट

मालवणात एका दिवसाच्या सहलीचे पत्रक हातात पडले की त्यावर साधारण असा क्रम छापलेला आढळतो : ग्रामदैवताचे दर्शन, स्नॉर्केलिंग, सिंधुदुर्ग किल्ला, मालवणी जेवण, सायंकाळी कुणकेश्वर, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘पोहता येणे आवश्यक नाही’. हे वाचून प्रथम हसू येते. देवळात जायचे तर कोरडे, धुतलेले कपडे हवेत, आणि समुद्रात डोके घालायचे तर केसांपासून नखांपर्यंत खारट होण्याची तयारी हवी. या दोन्ही गोष्टी एका तिकिटात बसवणे म्हणजे आजोबांची यात्रा आणि नातवाची मौज एकाच गाडीत कोंबण्याची व्यापारी युक्ती वाटते. ती युक्ती आहेच, आणि त्यात वाईट काही नाही, कारण आपल्याकडे निव्वळ मौजेसाठी घराबाहेर पडायला अजूनही थोडा संकोच वाटतो आणि वाटेत एखादे देऊळ असले की तो निघून जातो. मात्र देऊळ आणि दर्या यांना बांधणारा एक धागा पत्रक छापणाऱ्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर आहे. पत्रकात तो कुठेच लिहिलेला नसतो. तो गाईडच्या डोक्यात असतो.

आमचा गाईड मालवणचाच, गाबीत समाजातला, पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा होता. वडील मासेमारी करतात आणि हंगाम असेल तेव्हा हा पर्यटकांना पाण्यात उतरवतो, असे त्याने ओळख करून देतानाच सांगितले. मंडळींमध्ये सांगलीचे एक निवृत्त दांपत्य होते, पुण्याची संगणक क्षेत्रातली चार मुले होती, आणि दोन लहान मुलांसह आलेले एक कुटुंब होते. सकाळी देऊळवाड्यात रामेश्वर आणि नारायण यांच्या दर्शनाला आम्ही गेलो, तेव्हा पुण्याच्या मुलांचे लक्ष घड्याळाकडे होते. दिवाळीच्या पाडव्याला याच रामेश्वर-नारायणाची पालखी शहरातून फिरते आणि मुंबईला गेलेला मालवणकर गणपतीला नाही तर निदान त्या दिवशी तरी घरी येण्याची धडपड करतो, हे गाईड सांगत होता. ते ऐकून सांगलीच्या काकूंनी, ‘मग आम्ही पाडव्यालाच यायला हवं होतं,’ असे यजमानांना सुनावले. त्यानंतर तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी गाऱ्हाणे घातले. ‘बा देवा म्हाराजा, ही लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत, दर्यात उतरतली, तेंका सुखरूप भायर हाड रे म्हाराजा,’ असे त्यांनी खणखणीत स्वरात म्हटले, आणि गाईडने इशारा करताच आम्ही सर्वांनी ‘व्हय म्हाराजा’ असा हुंकार भरला. पुण्याच्या मुलांचा ‘व्हय’ सर्वांत मोठा होता. देवाला इतक्या नेमक्या शब्दांत आणि इतक्या थोडक्यात काम सांगण्याची ही कोकणी रीत मला फार आवडते. तिच्यात स्तुती कमी असते आणि मुद्दा असतो.

गाडीत परत बसताना सांगलीच्या काकांनी विचारले की पाण्यात उतरायची वेळ नऊचीच का, दहाची किंवा आठची का नाही. गाईडने उलट विचारले, ‘आज तिथी कोणती?’ काकांनी त्रयोदशी असे सांगताच तो म्हणाला, ‘तेराचे पाऊणपट करा.’ तेराचे पाऊणपट म्हणजे पावणेदहा. म्हणजे पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती. भरती चढत येऊन टेकते त्या वेळी पाण्याची ओढ मंदावते, आणि सकाळचा वाराही अजून उठलेला नसतो, म्हणून नवशिक्याला पाण्यात उतरवायचे ते त्याच्या थोडे आधी. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा उठतात, तळाची माती ढवळते आणि मग स्वतःचा हातही धड दिसत नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर जुना आहे, आणि तो निव्वळ अंदाजपंचे नाही. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंशांनी पुढे सरकतो, आणि पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटे लागतात, म्हणून चंद्रामागे धावणारी भरतीही दर तिथीला जवळजवळ तेवढीच उशिरा येते. ४८ मिनिटांचा पाऊण तास करण्यात होडी सोडणाऱ्या माणसाचे काही बिघडत नाही. काकांनी खिशातल्या वहीत चतुर्थीचे तीन, अष्टमीचे सहा, पौर्णिमेचे सव्वाअकरा असे मांडून पाहिले आणि पुढची दहा मिनिटे ते अतिशय प्रसन्न होते. ज्या कालनिर्णयात ही तिथी घरोघरी पाहिली जाते, ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच आणि इथले जय गणेश मंदिरही त्यांनीच उभारलेले, याची आठवण त्या वेळी गाडीत कुणीतरी करून दिली.

होडी किल्ल्याच्या बाजूला खडपांजवळ नांगरली गेली. तिथपर्यंत येताना गाईडचे वागणे मी पाहत होतो. तो पाण्याकडे जवळजवळ पाहतच नव्हता. पाहत होता किनाऱ्याकडे. एक माड आणि त्यामागचा डोंगराचा खांदा एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला तटाचा एक बुरूज आणि त्याच्या पलीकडचा खडक एका रेषेत आले, की दोन रेषा जिथे छेदतात तिथे हवा तो खडक पाण्याखाली असतो. मासेमार जाळी टाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जे करत आले, तेच हा पर्यटकांसाठी करत होता.

पाण्यात उतरण्यापूर्वीचा विधी बराच वेळ चालला. चष्मा काढून ठेवायचा. मुखवट्याच्या काचेवर आतून थुंकी चोळून ती समुद्राच्या पाण्याने विसळायची, म्हणजे काच धुरकट होत नाही. केसांची एकही बट मुखवट्याच्या रबराखाली अडकू द्यायची नाही, कारण तेवढ्या फटीतून पाणी आत येते. काकांच्या भरघोस मिशीमुळे त्यांचा मुखवटा काही केल्या नीट बसेना, तेव्हा गाईडने नाकाखाली बोटभर व्हॅसलीन फासले आणि काकूंनी तोंडाला पदर लावून हसून घेतले. नळीचे रबरी टोक दातांत धरायचे, ओठ त्यावर घट्ट मिटायचे आणि नाक विसरून जायचे. ‘नाकान नाय, तोंडान श्वास घेवा, घाबरू नकात, मी आसंय,’ हे वाक्य तो प्रत्येकाला एकाच शांतपणे सांगत होता. नळीत पाणी शिरले तर जोराने फुंकर मारून ते वर उडवायचे. नळी एवढी आखूड का, लांब असती तर अधिक खोल जाता आले असते, असे पुण्याच्या एका मुलाने विचारले, आणि प्रश्न चांगला होता. नळी लांबली की सोडलेली शिळी हवा तिच्यातच राहते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. शिवाय थोडे खोल गेले तरी छातीवरचा पाण्याचा दाब एवढा वाढतो की वरची हवा फुप्फुसांना ओढून घेता येत नाही. म्हणून स्नॉर्केलिंग म्हणजे पृष्ठभागावर पालथे तरंगणे, बुडी मारणे नव्हे. जीवरक्षक जॅकेट अंगात आणि हवा भरलेली रिंग हातात असल्यावर बुडायचे म्हटले तरी जमत नाही, पण हे शरीराला पटायला वेळ लागतो. पहिले काही श्वास फार मोठ्या आवाजाचे असतात आणि ते आपलेच आहेत यावर विश्वास बसत नाही.

मग श्वासाचा आवाज सवयीचा होतो आणि दुसरा एक आवाज ऐकू येऊ लागतो : सर्व बाजूंनी येणारी बारीक तडतड. खडकांच्या कपारींत राहणाऱ्या छोट्या कोळंब्या आपल्या नांग्या मिटून हा आवाज करतात. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो नेमका कुठून येतो हे कानांना ठरवताच येत नाही. खाली, चार-पाच मीटरांवर, खडक होते आणि खडकांवर प्रवाळ. जाहिरातींतला झगझगीत लाल रंग तिथे नव्हता. प्रवाळ होते तपकिरी, फिकट हिरवे, कुठे मातकट पिवळे. एक जात तर कोबीच्या सुट्या पानांसारखी एकावर एक उलगडलेली होती. थोड्याशा खोलीवरही पाणी सर्वांत आधी तांबडा रंग गिळते, म्हणून जाहिरातींची छायाचित्रे दिव्याच्या उजेडात काढावी लागतात. पाठीवर पिवळसर झाक आणि अंगावर पाच काळे उभे पट्टे असलेले तळहाताएवढे मासे आमच्या मुखवट्यांपर्यंत आले, वळले आणि पुन्हा आले. ते तळहाताएवढे दिसले म्हणजे प्रत्यक्षात त्याहून लहान असणार, कारण पाण्यात काचेआडून पाहिलेली वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी आणि त्या मानाने जवळ दिसते. मासे सांगताना हात पसरणाऱ्या माणसांना एवढी सवलत निसर्गानेच दिलेली आहे.

मासे इतक्या आपुलकीने जवळ का येतात, याचे उत्तर शेजारच्या होडीत मिळाले. तिथला मुलगा पावाचे तुकडे पाण्यात कुस्करत होता. ही प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि मला ती मुळीच आवडत नाही. पाव हे माशाचे अन्न नव्हे, आणि पावाला सोकावलेला मासा खडकावरचे शेवाळ खाण्याचे आपले काम सोडून देतो. शेवाळ वाढले की प्रवाळाची कोंडी होते. मालवणचा हा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. प्रवाळावर पाय टेकवू नये हे आमच्या गाईडने दोनदा बजावले होते आणि पाव त्याच्याकडे नव्हता. त्यामुळे आमच्याकडचे मासे लवकर कंटाळून शेजारी गेले, आणि लहान मुलांपैकी धाकटी रुसली. तिला त्याने पाण्यातच हाताला धरून एका कपारीकडे नेले आणि बोटाने काहीतरी दाखवले. काय होते ते तिने वर आल्यावरही कुणाला सांगितले नाही.

किल्ल्यात शिरताना आम्ही सगळे अर्धे ओले आणि पूर्ण खारे होतो. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. पायाच्या दगडांमध्ये शिसे ओतले गेले. मुहूर्ताची पूजा किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याजवळ झाली, असे सांगतात. त्या खडकावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. पंचांग आणि भरती-ओहोटी एकत्र पाहणाऱ्या गावात चंद्र-सूर्य एका दगडावर यावेत, हे मला शोभून दिसले. आत महाराजांचे शिवराजेश्वर मंदिर आहे. १६९५ च्या सुमारास छत्रपती राजाराम महाराजांनी ते बांधले. तिथली मूर्ती वीरासनात बसलेली आणि दाढी नसलेली आहे, त्यामुळे शाळेच्या पुस्तकातले चित्र मनात घेऊन आलेला माणूस क्षणभर गोंधळतो. लहान मुलांच्या आईने ‘हे महाराज?’ असे हळूच विचारले, आणि गाईडने, ‘हे आमचे महाराज,’ असे उत्तर दिले. दर्या ज्यांनी जवळून पाहिला त्यांचे महाराज असा त्याचा सूर होता. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी भोवती खारा समुद्र असूनही गोड्या पाण्याच्या आहेत. धाकटीने त्यातले पाणी चाखायचा हट्ट धरला आणि तो पुरवला गेला नाही.

जेवणाच्या वेळी सूक्ष्म राजकारण झाले. संध्याकाळी महादेवाचे दर्शन आहे, तेव्हा आता सुरमई खावी की नाही, यावर काका आणि काकू यांच्यात मतभेद होते. गाईडचे म्हणणे असे की देव दर्याचा शेजारी आहे, त्याला मासळीचे नवल नाही. काकूंनी डाळ, भात आणि सोलकढी घेतली. काकांनी सुरमई घेतली आणि कुणकेश्वरला पोहोचेपर्यंत ते कमी बोलले.

आचऱ्यावरून देवगड तालुक्यात कुणकेश्वरला पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, आणि ती वेळही योगायोगाची नव्हती. पावणेदहाला भरती, म्हणजे सुमारे सहा तासांनी ओहोटी. देवळापासून थोड्या अंतरावर किनाऱ्याच्या खडकांत शिवलिंगे कोरलेली आहेत. भरतीला ती पाण्याखाली जातात आणि ओहोटीला उघडी पडतात. देवळाच्या उत्पत्तीची दंतकथाही पाण्यातलीच आहे : वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने वाचलो तर देऊळ बांधीन असा नवस केला, आणि वाचल्यावर तो फेडला. दंतकथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी समुद्राच्या काठावर उभे असलेले हे शिखर खलाशांना खुणेचे असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही. सकाळी आमचा गाईड माड आणि डोंगर ज्या नजरेने जुळवत होता, तीच नजर इथे कामाला आली असेल.

मंडळी उघड्या पडलेल्या लिंगांभोवती फोटो काढत होती आणि काका वहीतला हिशेब प्रत्यक्षाशी ताडून पाहत होते, तेवढ्यात गाईडचा फोन वाजला. दुसऱ्या दिवशीची कुठलीशी मंडळी होती. त्यांनाही नऊचीच वेळ हवी होती, कारण पत्रकात नऊ छापले होते. ‘उद्या चतुर्दशी,’ तो म्हणाला, ‘देवळात निवांत बसा, आणि बंदरावर पावणेदहाला या.’