पुण्यात टीम टिकत नाही

रविवार, रात्र

दुपारी दादाचा फोन होता. बोलता बोलता म्हणाला, तू फुटबॉलमधे बरोबर हरणाऱ्याच टीम कशा काय निवडतेस गं, मँचेस्टर युनायटेड, इंडिया आणि ती बंद पडलेली पुण्याची. त्याने सहज म्हटलं असेल पण मला ते लागलं, संध्याकाळभर डोक्यात तेच फिरतंय म्हणून लिहितीये.

युनायटेडचं दुःख तसं सरळ आहे. २०२४-२५ ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधे पंधरावे आले. पंधरावे! त्याच सीझनला युरोपा लीगच्या फायनलला पोचले तर बिल्बाओला टॉटनहॅमकडून १-० हरले, आणि ते टॉटनहॅम लीगमधे सतरावं. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते मॅच संपली तेव्हा, सकाळी ऑफिस, आणि झोप काही येईना. मग ऑगस्ट २०२५ मधे ग्रिम्सबी, चौथ्या डिव्हिजनची टीम, तिच्याकडून पेनल्टीवर १२-११ हरले. वाईट वाटतं, दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटत नाही, पण पुढच्या शनिवार-रविवारी ते परत मैदानात असतात आणि मी परत टीव्हीसमोर असते.

इंडियाचं जास्त खोल जातं. २०१९ आणि २०२३ चे एशियन कप आपण खेळलो, त्यामुळे मला वाटायला लागलेलं की आता निदान तिथे तरी आपली जागा पक्की. २०२७ च्या क्वालिफायरमधे हाँगकाँगला इंज्युरी टाइमच्या पेनल्टीवर हरलो. मग ऑक्टोबर २०२५ मधे गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूर, आपल्या छांगतेने सुरुवातीलाच काय गोल मारला होता, घरात नाचले मी, आणि शेवटी १-२. संपलंच सगळं. आपल्या घरच्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर. याचा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं.

पण खरं सांगायचं तर या दोन्हीपेक्षा एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगमधली आपली टीम, जास्त दुखतं. २०१४ ला सुरू झाली तेव्हा फ्रान्सचा ट्रेझेगे आला होता, वर्ल्ड कप जिंकलेला माणूस बालेवाडीत खेळतोय हेच खरं वाटेना. नंतर मार्सेलिनो, अल्फारो, ती २०१७-१८ ची टीम तर फारच आवडती. पहिल्यांदाच सेमीफायनल. बालेवाडीत पहिली मॅच बंगळुरूशी ०-० झाली तेव्हा आम्ही सगळे नारंगी जर्सीवाले घसा बसेपर्यंत ओरडत होतो, मॅच संपली तरी लोक स्टँडमधून उठेनात, शेजारचे एक काका मुलाला खांद्यावर घेऊन नुसते मैदानाकडे बघत उभे होते. दुसऱ्या मॅचला तिकडे बंगळुरूला दोन गोल खाल्ल्यावर आपल्या लुक्काची फ्रीकिक आत गेली, २-१, अजून एक पडला की बरोबरी, आणि तेवढ्यात त्यांच्या सुनील छेत्रीने तिसरा मारला. हॅटट्रिक. ज्या छेत्रीसाठी इंडियाच्या मॅचला मी जीव टाकायचे त्यानेच.

तेही चाललं असतं. पुढच्या वर्षी बघू असं म्हणतच घरी गेलो होतो सगळे. पण २०१९ ला टीमच बंद झाली, लीगमधली जागा हैदराबादला गेली आणि २०२२ मधे हैदराबादने त्याच लीगचा कप जिंकला. ती फायनल मी बघितली, पण कोणासाठी ओरडायचं तेच कळेना.

आणि हे एकदाच झालेलं नाही ना. पुणे एफसी ही आधीची टीम २०१२-१३ ला आय-लीगमधे, तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधे, दुसरी आली होती, गोव्याच्या चर्चिलच्या खालोखाल, तीही गेली. भारत एफसी एकच सीझन. डीएसके शिवाजियन्सचे दोन सीझन आणि बाहेर. इतक्या कमी वर्षांत एका शहरातून चार क्लब गेले. पैसा संपतो, मालकांना परवडत नाही, हे सगळं समजतं मला, दर सीझनला तोटाच होत असेल तर कोण किती दिवस चालवेल. पण जर्सी घेऊन स्टेडियमला येणाऱ्या पोरांनी काय करायचं? हरणाऱ्या टीमवर चिडता तरी येतं. बंद पडलेल्या टीमवर कसं चिडणार?

दादाला हेच सांगायचं होतं, फोनवर जमलं नाही. मला जिंकणारी टीम नकोय रे. पुण्याची एक टीम हवी आहे, दहा वर्षांनी पण असेल अशी. खालच्या डिव्हिजनमधे असू दे, शेवटच्या नंबरवर असू दे, मी तिकीट काढून येईन, तुलाही ओढून नेईन.