सांगोल्याच्या बागेतली पाचवी बास्केट

सोलापूरला निघालं की ज्याला त्याला यादी द्यायची असते. सिद्धेश्वर, अक्कलकोट, पंढरपूर, जमलं तर तुळजापूर. आम्ही सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, तळ्याकाठी बसलो, भुईकोट किल्ल्यात फिरलो, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेतल्या आणि शहर आटोपलं. लॉजवर झोप अशी लागलीच नाही, खालच्या रस्त्यावर रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाड्या आणि त्यांचे हॉर्न. तो विषय इथंच सोडते, कारण सकाळी मंगळवेढ्यामार्गे सांगोल्याकडे गेलो आणि तिथं जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही.

माझ्या मैत्रिणीच्या चुलत्यांची सांगोल्याच्या पुढे बाग आहे. सगळे त्यांना आबा म्हणतात. मंगळवेढ्याची काळी रानं आणि कणसात आलेली मालदांडी ज्वारी मागे पडली की जमीन हलकी होत जाते, मुरूम वर येतो. पाणी धरून न ठेवणारी ही जमीन डाळिंबाला मानवते. आबांकडे डाळिंब आहे, बोर आहे, सीताफळ आहे, विहिरीजवळ केशर आंब्याची थोडी झाडं, बांधावर चिंचा. आणि या सगळ्याच्या मधून नऊ बास्केटचा डिस्क गोल्फचा कोर्स.

हा उद्योग आबांच्या धाकट्या मुलाचा. तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शिकायला होता. तिथं लेस्टर गावात मेपल हिल नावाचा कोर्स आहे, नाताळची झाडं वाढवून विकतात त्या शेतातच आखलेला. झाडांचं पीकही चालू आणि खेळही चालू. गावी परतल्यावर त्याच्या मनातून ते जाईना. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फसारखंच, पण चेंडूऐवजी फेकायची डिस्क आणि खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली, तिच्यावर साखळ्यांची झुंबर. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, पहिली डिस्क फेकायची, पडेल तिथून पुढची, आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांवर आपटून टोपलीत पाडायची. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये 1975 साली एड हेड्रिक यांनी पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला, साखळ्यांची बास्केटही त्यांचीच कल्पना. 2002 साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळली. धाकट्याने हे सांगितलं तेव्हा आबा खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "मानूस खेळाचा व्हता म्हणायचा."

बास्केट बाहेरून मागवायच्या तर परवडत नव्हत्या. त्याने सांगोल्यातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाईप आणि सळई वाकवून घेतल्या, आणि साखळ्या जनावरांच्या बाजारातून आणल्या, बैलांना बांधायच्या. त्या जड, डिस्क आपटून बाहेर उडायची. मग आतल्या फेरीला बारीक कड्यांची साखळी लावली, बाहेर बैलाची तशीच ठेवली. डिस्क नीट बसली की जो आवाज येतो तो फार छान आहे, आणि तो झाला की बोरं वेचणाऱ्या बायका मान वर करून बघतात.

धाकट्याने आम्हाला खेळायच्या आधी बाग दाखवली, आणि इथं येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी हेच करायला लावतो. मला हे मनापासून आवडलं. डाळिंबाचे तीन बहार, म्हणजे फुलं-फळं धरायचे हंगाम: आंबे, मृग आणि हस्त. कुठल्या प्लॉटला कुठला बहार धरलाय त्यावर खेळ कुठून जाणार ते ठरतं. मृग बहाराचं डाळिंब डिसेंबरात तोडून झालं होतं, ती झाडं विश्रांतीवर, तिथं खेळायला परवानगी. सीताफळ पानं गाळून उघडं पडलेलं, तिथंही मोकळीक. आंब्याला मोहर आलेला, म्हणून विहिरीकडची बास्केट उचलून चिंचेखाली नेलेली. हस्त बहाराचा प्लॉट फळांनी लगडलेला, तोडणी फेब्रुवारी-मार्चात, तिकडे पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

फाटकाशी दोन बादल्या ठेवल्यात. एकीत बुटांचे तळ बुडवायचे, दुसरीत डिस्क, दोन्हींत सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. एका प्लॉटमधून दुसऱ्यात जातानाही पुन्हा बुडवायची. तेल्या रोगाचे जिवाणू हत्यारांवरून, हातांवरून झाडाझाडांत फिरतात, आणि छाटणीची कात्री बुडवतात तर बागभर फिरणारी डिस्क का नाही, असा आबांचा साधा हिशेब. पुण्यातल्या कुठल्याही मैदानावर इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

खेळायला हा कोर्स अवघड आहे. डाळिंबाच्या ओळींत साडेचार मीटरचं अंतर, म्हणजे फांद्या वगळल्या तर हाती येते ती एक अरुंद गल्ली. लांब जाणारी डिस्क, म्हणजे ड्रायव्हर, इथं कामाची नाही. मध्यम पल्ल्याची मिडरेंज घ्यायची, हात कमरेच्या रेषेत ठेवायचा आणि डिस्क सपाट सोडायची. जरा तिरकी सुटली की काट्यांत. डाळिंबाला काटे असतात हे बाजारातलं फळ बघून कुणाच्या ध्यानात येत नाही. सीताफळाच्या उघड्या फांद्यांमधून डिस्क गेली तर मात्र ती झाडांच्या वरून तरंगत जाताना अख्खी दिसते, आणि मागे आभाळ. त्या प्लॉटमध्ये मी खूप रमले. शेततळ्याजवळची बास्केट नवऱ्याची आवडती. तळ्याला जाळीचं कुंपण आहे, कारण आतला प्लास्टिकचा कागद निसरडा, माणूस पडला तर वर येणं कठीण.

आता पाचवी बास्केट.

चौथीवरून बोरांच्या ओळीतून बाहेर आलो आणि एकदम मोकळं रान. संपूर्ण बागेत एवढी रुंद जागा दुसरीकडे कुठेच नाही. टीवर उभं राहिलं की डावीकडे हस्त बहाराचा झाकलेला प्लॉट, उजवीकडे बांध, आणि मध्ये ताग गाडलेली सपाट जमीन. दूर टोकाला बास्केट. मी धाकट्याला म्हटलं, "ही जागा मुद्दाम सोडलीस का रे?" तो म्हणाला, "सोडली नाही ताई. गेली."

इथं डाळिंब होतं. मर लागली. आधी एका फांदीची पानं पिवळी, मग दुसरीची, मग उभं झाड फळांसकट वाळायचं. खोडाला टाचणीएवढी भोकं, खोडकिड्याची. आबा मुळांचे आणि मातीचे नमुने घेऊन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात गेले, सांगितलं ते सगळं केलं, ठिबकमधून औषधं सोडली. शेजारच्या झाडांकडे रोग सरकायचा थांबेना तेव्हा जेसीबी बोलावला. उपटलेली झाडं तिथंच जाळली. सांगोल्याच्या भागात अशा बागा किती जणांनी काढल्या ते रस्त्याने जाताना दिसतं, नुसते ठिबकचे पाईप गुंडाळून बांधावर टाकलेले.

मोकळ्या जमिनीकडे बघवत नाही म्हणून आबा त्या बाजूला फिरकेनात. तेव्हा धाकट्याने पहिली बास्केट आणून रोवली ती इथं. पहिल्या सगळ्या फेकी त्या दोघांनीच केल्या, बाप आणि मुलगा, संध्याकाळी, गडी घरी गेल्यावर. क्रमांक पाचवा असला तरी कोर्स इथून सुरू झाला. हे ऐकल्यावर मला त्या टीवर पटकन डिस्क फेकवेना.

या बास्केटला एक खास नियम आहे. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकलेली डिस्क वेग कमी झाला की शेवटी डावीकडे वळते, आणि डावीकडे फळांचा प्लॉट. म्हणून उजव्या हाताच्या खेळाडूंनी इथं फोरहँडच, हात अंगाच्या बाजूने पुढे आणून, टाकायचा, म्हणजे डिस्क शेवटी उजवीकडे, बांधाकडे झुकते. पाटीवर हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि धाकटा तोंडानेही सांगतो.

आमच्या मागून एक घोळका येत होता. दोन गाड्या भरून आलेली मंडळी, खांद्यावर स्पीकर, त्यावर गाणी. टीवर आल्या आल्या त्यातला एकजण ओरडला, "अरे, काय मोकळं ग्राउंड आहे!" आणि ड्रायव्हर घेऊन पूर्ण ताकदीने बॅकहँड. डिस्क सुरेख गेली, हवेत बराच वेळ राहिली, आणि शेवटी तिला जे करायचं होतं तेच तिने केलं. डावीकडे वळून झाकलेल्या ओळींत शिरली.

अशी डिस्क काढायला गड्याला हाक मारायची. खेळणाऱ्याने एका फेकीचा दंड घ्यायचा आणि डिस्क जिथून हद्दीबाहेर गेली तिथून पुढे खेळायचं, हा जगभरचा नियम. तो माणूस सरळ आत गेला. थंडी आणि उन्हापासून फळं वाचवायला आबांनी झाडांवर जुन्या साड्या पांघरल्या होत्या, किलोवर मिळतात तशा. त्याने एक साडी ओढली. ती काट्यांत अडकलेली, फाटली. फांदी खाली आली आणि सुटून वर गेली. डिस्क मिळाल्यावर त्याने जाता जाता एक फळ तोडून मित्राकडे फेकलं.

मी बोलले. स्पीकर बंद करायला लावला आणि चढ्या आवाजात बोलले. "पैसे भरलेत," असं उत्तर आलं. माणशी तीनशे रुपये, त्यात दुपारचं जेवण. एवढ्या पैशांत बाग विकत घेतल्यासारखं वागणाऱ्या या लोकांचा मला संताप येतो, आणि हे सांगोल्यातच होतं असं नाही. हुरडा पार्टीला जाऊन उभं पीक तुडवत फोटो काढणारे हेच, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात पाय देणारे हेच.

आबा आले. त्यांनी कुणालाच काही म्हटलं नाही. जांभळी साडी होती ती, काठावर मोरांची वेल अजून दिसत होती. ती बाजूला सारून त्यांनी आतलं एकेक फळ हातात घेऊन फिरवून बघितलं. भगवा जातीची फळं, रंग भरत आलेली. काट्याने ओरखडलेली चार फळं कात्रीने उतरवली. मोडलेल्या फांदीचा झुलता तुकडा साफ कापला, कात्री बादलीत बुडवली आणि कापावर बोटाने बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावली, निळसर, हळू, कडा सुटू न देता. मी म्हटलं, "आबा, या फळांचे पैसे घ्या त्यांच्याकडून."

"फळाचं काय न्हाई ताई," ते म्हणाले. "डागी माल इथल्या बाजारात जातो. पर जखम उगडी ऱ्हायली की रोग त्याच वाटंनं आत येतो."

जानेवारीच्या कोरड्या हवेत तेल्याचा जोर नसतो, तो पावसाळ्यात चढतो. हे आबांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. पण ज्याने उभी बाग जाळली तो हंगाम बघून पेस्ट लावत नाही. फाटलेली साडी त्यांनी गाठ मारून पुन्हा पांघरली. त्या घोळक्यातल्या एका मुलीने पुढे येऊन साडीचं दुसरं टोक धरलं, तिचं मात्र मला कौतुक वाटलं. बाकीचे सहाव्या बास्केटकडे निघून गेले होते.

उरलेल्या चार बास्केट आम्ही खेळलो, पण त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जेवण उत्तम. वहिनींनी हुरडा भाजला होता, सोबत गूळ, खोबरं आणि लसणाची चटणी, मग बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ताक. पंगतीत घोळक्यालाही तेवढ्याच आग्रहाने वाढलं, आणि ते मला बघवत नव्हतं. असा पाहुणचार सगळ्यांनाच देऊ नये, हे माझं ठाम मत मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दारात आल्यावर काय करायचं वो?"

धाकट्याशी निघताना बराच वेळ बोलले. त्याला म्हटलं, एका वेळी चारच माणसं घे, स्पीकर फाटकावर ठेवून घे, पाचव्या बास्केटला गडी उभा कर. आणि अनामत घे. त्याने पहिल्या तीन गोष्टी मान्य केल्या. अनामतीला आबा तयार होणार नाहीत म्हणाला.

मग त्याने सांगितलं की पावसाळ्यात त्या मोकळ्या रानात आबा सीताफळ लावणार आहेत. ताग गाडून माती सुधारली, आता खड्डे घेतील. म्हणजे पाचवी बास्केट तिथून उठणार, कोर्समधला एकमेव मोकळा पल्ला जाणार आणि खेळ आणखी अरुंद होणार. मी विचारलं, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, "त्यासाठीच तर तिथं रोवली होती, ताई. आबा त्या रानात परत यावेत म्हणून."

मेमध्ये खड्डे घेताना येशील का, असं त्याने मैत्रिणीला विचारलं. आम्ही दोघीही जाणार आहोत. डिस्क घेऊन नाही, पहिल्या पावसाआधी कुदळीला हात लावायला.